उपीला माणसात आणताना

दादा,

तुझ्या सुतकात या घरात इतकं हसणं झालं की शेजारच्या मंगलाताई न राहवून डोकावून गेल्या. भेटायला येणारा माणूस दारात चपला काढताना अगदी गंभीर असायचा. सतरंजीवर बसायचा, तुझ्या फोटोकडे बघून मान हलवायचा, "गुरुजी असे अचानक..." असं काहीतरी म्हणायला लागायचा, आणि तेवढ्यात उपी कुठूनशी यायची, त्याला हुंगायची आणि खुशाल त्याच्या मांडीवर चढून बसायची. मग त्या माणसाचा चेहराच बदलायचा. "हेच का हो ते मांजर?" असं विचारून तो जो सुरू व्हायचा तो चहा गार होईपर्यंत थांबायचा नाही.

प्रत्येकाजवळ एक गोष्ट होती आणि त्यातली एकही तू मला सांगितलेली नव्हतीस. एकाच्या वास्तुशांतीला तू बोटांना पट्ट्या गुंडाळून गेला होतास म्हणे. एका लग्नात वधूच्या मामांनी तुझ्या मनगटावरचे ओरखडे बघून विचारलं, "गुरुजी, हे काय झालं?" तर तू अक्षता वाटता वाटता म्हणालास, "घरी एक विद्यार्थिनी ठेवली आहे. अभ्यासात हुशार आहे, वागणुकीत कच्ची आहे." मामा हे सांगताना इतके हसले की उपी दचकून त्यांच्या मांडीवरून उतरली आणि पुन्हा चढली. मीही हसले. मग चहाचे कप आत नेण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, डोळे पुसले, आणि पुढची गोष्ट ऐकायला परत येऊन बसले. तुझं सुतक असं गेलं, दादा.

तू सुलतानपूरहून सत्यनारायण आटोपून आलास ती संध्याकाळ आठवते का? एसटीच्या प्रवासाने दमलेला, धोतराला धूळ. शिध्याची पिशवी ओट्यावर ठेवलीस आणि पिशवी हलली. मी ओरडले. तांदळाच्या पुडीशेजारून एक मळकट पिवळं डोकं वर आलं आणि त्याने माझ्यावर फिस्स केलं. तू अगदी नवल वाटल्याचा चेहरा करून म्हणालास, "अरेच्चा! हे कधी शिरलं पिशवीत?"

दादा, सुलतानपूरच्या काकूंनी तू घरी पोचायच्या आधीच मला फोन केला होता. "गुरुजींनी पिल्लू मागून नेलं हो, नीट पोचलं का ते सांगा," म्हणाल्या. माहीत असूनही पिशवी हलली तेव्हा मी दचकलेच, पण तुला हे कधी बोलले नाही. वहिनी गेल्यापासून तू स्वतःसाठी काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं, आणि पहिल्यांदा मागितलंस ते हे. ते लपवायला तुला एवढा अभिनय करावा लागला, तर तो तसाच राहू द्यावा असं मला वाटलं.

नावावरून आपलं जमलं नाही. मी म्हटलं सोनी ठेवू. तू म्हणालास, जन्मवेळ माहीत नाही, नक्षत्र माहीत नाही, नाव कशावरून ठेवायचं? तेवढ्या दिवसांत तिने देवघरातल्या फुलवाती विस्कटल्या, पंचांगाचं पान फाडलं, माझ्या निऱ्यांना लोंबकळून मला अर्ध्या घरभर फिरवलं. तू तिला "उपद्व्याप" म्हणायला लागलास. त्याचंच उपी झालं.

आणि चावायची तर किती! आधी तूच तिला नादी लावलंस. गोधडीखाली बोटं हलवायचास, ती झेप घ्यायची, तू लहान मुलासारखा हसायचास. मी दारात उभी राहून बघायचे. बाबा गेले तेव्हा तू मिसरूडही न फुटलेला, पण दुसऱ्याच महिन्यात तू त्यांची पोथी काखेत मारून यजमानांकडे जायला लागलास. गल्लीतली मुलं विटीदांडू खेळायची आणि तू त्यांच्या मधून मान खाली घालून जायचास. तुला खेळताना मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे गोधडीचा तो खेळ थांबव असं सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि महिनाभरात उपीने घरातला प्रत्येक हात आणि प्रत्येक पाय शिकारच ठरवून टाकला. दूधवाला भांडं दाराबाहेरूनच लांबवायला लागला. मंगलाताई यायच्या त्या पाय वर घेऊन खुर्चीवर बसायच्या.

मग तू तिला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलंस. मीही आले होते. बाहेर म्हशी बांधलेल्या आणि त्यांच्या रांगेत तू, मांडीवर टोपली घेऊन. डॉक्टरीणबाईंनी तुझे हात आधी पाहिले, मग उपीला.

"गुरुजी, हिले आईपासून लवकर तोडलं," त्या म्हणाल्या. "भावंडांत वाढली असती तर हिनं जोरात चावलं की दुसरं पिल्लू ओरडलं असतं, खेळ सोडून निघून गेलं असतं. मग हिले समजलं असतं की असं केलं की खेळ मोडते. ते शिकायचं राहूनच गेलं. आता तुम्हाले शिकवा लागीन."

"म्हणजे मी मांजराचा भाऊ व्हायचं?"

"हाव," त्या हसून म्हणाल्या. "हात म्हणजे खेळणं नाही, हे पक्कं करा. चावली की हात वढू नका, वढला की तिले वाटते उंदीर पळून राह्यला. हात जागीच ठेवा, एकदम गप्प. तिनं सोडलं की उठा आणि चालले जा. खेळवायचं तर काडीले काहीतरी बांधून खेळवा, चांगलं दमवा, आणि मंग खायला द्या. शिकार झाली, पोट भरलं, की झोपते."

तू ते सगळं अशा तन्मयतेने ऐकलंस की जणू वेदाची एखादी नवी शाखा पाठ करायची होती. घरी येऊन जुन्या उपरण्याची दशी कापलीस, खराट्याच्या काडीला बांधलीस, आणि संध्याकाळच्या संध्येनंतर आणखी एक नित्यकर्म सुरू झालं. तू खुर्चीवर, काडी हातात, उपी जमिनीवर ढुंगण हलवत दबा धरून. दशी खुर्चीखाली जायची, कपाटामागून निघायची, उंबरठ्यावर थरथरायची. उपी हवेत उडायची. शेवटी तू तिला ती पकडू द्यायचास. "पकडू द्यायची असते, सुमे," मला सांगायचास, "नाहीतर तिले वाटीन आपल्याच्यानं काही होतच नाही."

तिच्या खाण्यावरूनही आपलं भांडण झालं. तू दुकानातून मांजराच्या खाण्याची पिशवी आणलीस. मी म्हटलं, "सोवळ्याच्या घरात हे?" तू म्हणालास, "मग तिले काय पंचामृत चारू?" आणि लांब दांड्याच्या पळीने, नाक दुसरीकडे करून, गच्चीच्या कोपऱ्यात तिला वाढायला लागलास. पुन्हा आंघोळ करून देवघरात जायचास. थंडीतसुद्धा.

पण आपला खरा वाद दुसराच होता. मला ते हात गप्प ठेवणं, उठून जाणं पटत नव्हतं. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली, पोरं सुधारताना पाहिली ती छडीनेच, असं माझं म्हणणं. मी वर्तमानपत्राची सुरळी करून ठेवली होती. एकदा उपीने माझ्या पोटरीला पकडलं तेव्हा मी सुरळी उगारली आणि तू मध्ये आलास.

"मारू नको तिले."

"काऊन? जरा धाक नको का?"

"मारून काय शिकते लेकरू? मारणाऱ्याचा पाय वाजला की लपायचं, एवढंच शिकते. बाकी..."

तू तिथेच थांबलास. सुरळी माझ्या हातातून घेतलीस आणि उगाचच उलगडून वाचत बसलास. तुझ्या मनात कोण आलं ते मला कळलं, दादा. तुझी लेक रेवती लहान होती तेव्हा तुझी सायकल फाटकाशी वाजली की ती माळ्यावर जाऊन बसायची. वहिनी आणि मी मिळून तिला खाली उतरवायचो. पाढा चुकला की फटका, उत्तर दिलं की फटका. तुला दुसरं काही येतच नव्हतं, तुला कोणी शिकवलंच नव्हतं.  त्या दिवसानंतर मी सुरळी पुन्हा केली नाही.

त्या सगळ्या दिवसांतला तुझा सगळ्यात मोठा थाट होता तो अमेरिकेच्या पूजेचा. तो यजमान मूळचा इथलाच, तिकडे त्याने घर घेतलं आणि फोनवरून पूजा सांगा म्हणाला. तू फोन पाटावर तांब्याला टेकवून ठेवलास. पलीकडे तो नवा कोरा कद नेसून, बायको शालू नेसून, दोघं हात जोडून. तू संकल्प सांगतोयस आणि ते अक्षर न् अक्षर म्हणताहेत. उपी पाटाखालून निघाली आणि तिने तुझा अंगठा धरला. तू सूर न बदलता, त्याच चालीत म्हणालास,

"सोड वं, पाय सोड."

आणि पलीकडून दोघांनी अत्यंत भक्तिभावाने म्हटलं, "सोड वं, पाय सोड."

मी पदर तोंडात कोंबून मागच्या अंगणात पळाले. परत आले तर तू घामाघूम, अंगठा तिच्या तोंडात, पाय दगडासारखा स्थिर, आणि पुढचे मंत्र चालू. तिने कंटाळून सोडलं. पूजा संपल्यावर तू म्हणालास, "पाहिलं का? हलवला नाही पाय." तो यजमान समाधानाने म्हणाला होता की गुरुजी, इतकी साग्रसंगीत पूजा आमच्याकडे कधी झाली नव्हती.

गणपतीनंतर रेवतीचा नाशिकहून फोन आला. नेहमीप्रमाणे मला. दिवाळीला यायचं म्हणत होती, तिच्या पोरीला, ईराला, सुट्टी होती. मी उपीचं कौतुक सांगायला गेले तर ती म्हणाली, "आत्या, ते मांजर तेवढे दिवस कुठेतरी पाठवता येईल का? ईरा फार घाबरते. शेजारच्या कुत्र्याने अंगावर धाव घेतली तेव्हापासून रात्री दचकते. नाहीतर मग आम्ही या वेळी राहू देतो." तिच्या आवाजात राग नव्हता. न येण्याचं कारण मिळालं तर बरंच, असं काहीतरी होतं.

तू समोरच बसला होतास, फोनचा आवाज मोठा होता. मी म्हटलं, "पिंपळगाव राजाला आपल्या वाणसामानवाल्याची बहीण राहते, तिच्या मळ्यात ठेवू या का थोडे दिवस?"

 तू म्हणालास, "बंद करून ठेवलं, पाठवून दिलं, म्हणजे लेकराची भीती जाते का? दिवाळीले वेळ आहे. तवर हिले माणसात आणतो."

मग या घरात जे सुरू झालं त्याला तू सतरावा संस्कार म्हणायचास. दुपारी उपी पेंगुळलेली असली की तू तिला मांडीवर घेऊन पंजे दाबायचास, कान चाचपायचास, एकेक नख हळूच कापायचास. तिने मान वळवली की लगेच सोडून द्यायचास. मिक्सर सुरू करताना मला आधी ओरडून सांगावं लागायचं, म्हणजे तू तिच्यासमोर दोन दाणे टाकणार. बँडवाल्यांची मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा तू तिच्याशेजारी पलंगाखाली अर्धा शिरला होतास. मंगलाताईंना फक्त धोतर दिसलं आणि त्या घाबरल्या. गल्लीतली मुलं तू मुंजीच्या बटूंसारखी रांगेत बसवलीस. "मांडी घाला. हात मांडीवर. तिच्याकडे टक लावून पाहू नका. ती येईन. नाही आली तर नाही आली." पहिल्यांदा ती कपाटावर जाऊन बसली. मग खाली आली. मग रांगेच्या टोकापासून एकेकाला हुंगत गेली. एका पोराने शेपटी ओढली तर तू त्याला फक्त म्हणालास, "तुह्या शेंडीले कोणी ओढलं तर?" आणि मुलं खिदळली. त्याच तोंडून पूर्वी काय आलं असतं ते मला माहीत आहे.

दिवाळीला रेवती आली ती ईराला कडेवर घट्ट धरून. चार वर्षांची पोर, पण पाय खाली ठेवायला तयार नाही. तू पुढे झाला नाहीस. लांबूनच म्हणालास, "ये. मांजर आतल्या खोलीत आहे. दार उघडंच आहे. तिले वाटलं तर ती येईन, तुले वाटलं तर तू जा. घाई नाही कोणाले." रेवतीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

नरकचतुर्दशीच्या दिवशी दुपारी तू काडी घेऊन बसला होतास. ईरा पलंगावर, पाय वर घेऊन. मी करंज्यांचं ताट घेऊन जात होते, रेवती माझ्यामागे, आणि आम्ही दोघी दारातच थांबलो. उपी भयंकर रंगात आली होती. दशी सोडून तिने तुझा हातच पकडला, चांगला दात रुतवून. ईरा किंचाळली. तू हात जिथे होता तिथेच ठेवलास. चेहरासुद्धा हलला नाही. उपीने सोडलं. तू काडी खाली ठेवलीस आणि पाठ करून बसलास.

ईरा हळूच म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही तिला मारणार?"

"नाही."

"पण ती चावली ना!"

"चावली. म्हणून खेळ बंद. थोड्या वेळानं पुन्हा खेळू."

"आई म्हणते तुम्ही खूप मारायचे."

रेवतीने माझा दंड धरला.  मला वाटलं आता तू उठशील, अंगणात जाशील, बोलणं बदलशील. तू तसाच पाठ करून बसला होतास, आम्ही दारात आहोत हे तुला माहीत होतं की नाही ते मला आजही ठाऊक नाही.

"हाव," तू म्हणालास. "मारत होतो. चुकलं माह्यं. तुह्या आईचा खेळ मी लय वेळा मोडला."

 रेवतीने माझा दंड सोडला, आत गेली आणि ईराशेजारी पलंगावर बसली. मग उपीलाच ती शांतता सहन झाली नसावी. ती आली, पलंगावर उडी मारली, ईराच्या नव्या घागऱ्याच्या जरीवर चार पाय टाकून गोल फिरली आणि तिथेच बसली. ईराने श्वास रोखून धरला. हात मांडीवर, डोळे दुसरीकडे, तू पोरांना शिकवलं होतंस तसेच. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मग तिने एक बोट पुढे केलं. उपीने ते चाटलं.

"खरखरीत आहे!" ईरा ओरडली. "आई, हिची जीभ खरखरीत आहे!" आणि रेवती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तू वळून म्हणालास, "सुमे, करंज्या तशाच धरून काय उभी राह्यली? आण इकडं."

भाऊबीज झाली की निघणार होत्या त्या तुळशीच्या लग्नापर्यंत राहिल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन वाजायचा तो मला नाही, तुला. तू गच्चीवर जाऊन बोलायचास. मी कान देऊन ऐकायचे, काय एवढं बोलतात बापलेक? तर, "आज कपाटावरून थेट माह्या डोक्यावर... हाव... नाही नाही, नखं आत होती."

तेरवी झाल्यावर रेवती निघायच्या आदल्या दिवशी ओसरीत बसली होती. म्हणाली, "आत्या, आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांशी रोज बोलत होते. आणि आम्ही फक्त मांजरीबद्दल बोललो. त्या दिवसाबद्दल एकदाही नाही."

मी विचारलं, "बोलायचं राहिलं असं वाटते का?"

तिने विचार केला. "वाटायला पाहिजे ना? पण नाही वाटत. मला त्यांचा फोन आवडायचा, आत्या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एवढं मी त्यांच्याबद्दल आधी कधी म्हणू शकले नव्हते."

हे तुला सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले. बाकी सगळं तुला माहीत आहे.

मला माझंही एक सांगायचं आहे. रेवती आणि ईरा गेल्या, घर एकदम मोठं झालं. काल सकाळी मी ओसरीत गहू निवडत बसले होते, पाय पसरून. उपी सुपामागे दबा धरून बसलेली मला दिसली नाही. तिने झेप घेऊन माझ्या पायाचं बोट पकडलं. पूर्वीची मी असते तर सूपच तिच्यावर उलटं केलं असतं. मी पाय तसाच ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. इतका वेळ मी हलत नाही हे बघून तिच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटला ना दादा, कान आडवे, डोळे गोल, बोट तोंडात तसंच, की मला हसू आवरेना. तिने बोट सोडलं. मी हसतच राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठले, पदराचं टोक जमिनीवरून ओढत घरभर फिरले, आणि ती माझ्यामागे, घसरत, आपटत, पुन्हा झेपावत.

मंगलाताई भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं वं सुमनताई? एकट्याच काऊन हसून राह्यल्या?"

"एकटी कुठं हो," मी म्हटलं, "खेळून राह्यलो आम्ही."